आकडा ठरला का?

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं रस्त्यात भेटली की आधी तब्येत विचारत नाहीत, आकडा विचारतात. "किती झालं?" "छत्तीस." "वाढतंय व्हय?" "वाढतंय की, हळूहळू." कशाचे छत्तीस, हे कुणी कुणाला सांगत नाही. कृष्णेच्या पाण्याची उंची आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात, आणि १९२९ साली खुला झालेला हा पूल आमच्या गावाची मोजपट्टी होऊन बसला आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. चौथीतल्या पोराला हे पाठ असतं. पुण्यात दिलेली लेक आईला फोन करते तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, आणि आई भाजी परतता परतता तिला फुटांसकट इंच सांगते.

माहितीची आम्हाला कधीच कमतरता नव्हती. जुलै लागला की पेपरात रोज चौकट येते: कोयनेत किती टीएमसी, सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले, पायथा विद्युतगृहातून किती क्युसेक सोडले, वारणेचं काय, आणि मग नदीच्या वाटेनं खाली येत बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ. ही नावं आम्ही रेल्वेच्या स्टेशनांच्या क्रमानं वाचतो. कोयनेतून सुटलेलं पाणी सांगलीला पोचायला दिवसभराहून जास्त वेळ घेतं. त्यात सांगलीजवळ नदीला उतार कमी, वळणं फार, आणि खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणा भरून वाहत असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही, ते मागं फुगत राहतं. म्हणजे आमचा पूर धावत येत नाही, चढत येतो. येताना सांगून येतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपाआधी हे सांगणं मिळालं नव्हतं. गणपती बोळवून माणसं झोपली होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मिळालं नव्हतं. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळियेत डोंगर खाली आला तेव्हा तिथल्या लोकांना पेपरातली चौकट वाचायला मिळाली नव्हती. आम्हाला दिवसभराची मुदत मिळते, कधी दोन दिवसांची. त्या मुदतीत आम्ही काय करतो?

पाणी बघायला जातो.

यात मी कुणाची थट्टा करत नाही, मीही जाते. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घेतलेल्या बायका, खांद्यावर पोर बसवलेले बाप, कणसं भाजणारा एखादा, आणि कठड्याला रेलून 'आता न्हाई वाढत, बघा' असं धरणाशी नुकतंच बोलून आल्यासारखं सांगणारा एखादा. त्या गर्दीत आलमट्टीचा विषय निघतोच. कर्नाटकातल्या त्या धरणाची पातळी ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायची की नाही, तिथलं पाणी वेळेवर सोडतात की नाही, यावर आमच्याकडे पानटपरीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकाचं मत तयार असतं. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलं नाही. तरी वाद मिटलेला नाही, आणि मिटावा असंही नाही. नदी दोन राज्यांची आहे, भांडण व्हायला हवंच. पण आलमट्टीवर तावातावानं बोलणाऱ्याच्या घरात गव्हाचं पोतं अजून फरशीवरच असतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आलमट्टी त्याच्या हातात नाही. पोतं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं लहानसं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर २००५ साली कुणीतरी ऑइलपेंटनं रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं आणि आमच्या गल्लीत ते गुडघ्याला लागलं होतं. ती रेघ आम्हा सगळ्यांना फार आवडायची. पाहुणे आले की आम्ही ती दाखवायचो. 'इथवर आलं होतं' असं म्हणताना आवाजात थोडा अभिमान असायचा, आणि त्या अभिमानाच्या पोटात एक हिशेब: याच्या वर काय जाणार?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा गल्लीतल्या लोकांनी तयारी केली नाही, असं मुळीच नाही. केली. रेघेच्या हिशेबानं केली. मागच्या वेळी गुडघ्याला होतं म्हणून या वेळी धान्य कंबरेच्या उंचीवर चढवलं, फ्रीज टेबलावर ठेवला, कपाटातल्या खालच्या खणातले कपडे वरच्या खणात नेले. शहाण्या माणसांनी केलेली शहाणी तयारी होती ती. आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं आणि आमच्या गल्लीत पुरुषभर पाणी उभं राहिलं. टेबलावरचे फ्रीज तरंगले. जे खालून माडीवर गेले ते माडीवरच अडकले: दिवे नाहीत, मोबाईल मेले, संडास उलटे वाहू लागलेले, चहूकडे पाणी आणि नळ कोरडे, कारण शहराला पाणी उपसून देणारे पंपही त्याच पुरात.

हरिपूरच्या पेवांचं तसंच झालं होतं. जमिनीत खोल खणलेली ती कोठारं, त्यांत वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड नाही की ओल नाही. सांगलीच्या हळदीच्या पेठेनं पिढ्यान् पिढ्या त्यांवर भरवसा टाकला. २००५ च्या पुरानं त्यांतली कितीतरी पेवं पाण्याखाली घेतली. पेव खणणारे अडाणी नव्हते. त्यांनी पाहिलेल्या नदीपेक्षा ही नदी मोठी होऊन आली, एवढंच. जुनी आठवण माणसाला जितकी जागं करते तितकीच झोपवतेही. आमच्या देवळावरची रेघ नसती तर २०१९ ला लोक कदाचित लवकर बाहेर पडले असते, असं मला अजून वाटतं.

पूर ओसरल्यावर, चिखल काढून हातांना फोड आल्यावर, मी शेजाऱ्यांशी या विषयावर बोलायला लागले. लगेच लक्षात आलं की विषय काढणंच अवघड आहे. आमच्याकडे वास्तू तथास्तु म्हणते. घरात बसून 'समजा पाणी आलं तर' असं वाक्य सुरू केलं की समोरची वहिनी हातातलं काम टाकून म्हणते, "अहो, कशाला अभद्र बोलायचं? शुभ बोल नाऱ्या!" आणि वर छताकडे बघते, वास्तुपुरुषानं ऐकलं तर नाही ना म्हणून. या वहिनी शिकलेल्या आहेत, बँकेत होत्या. त्यांनी आयुष्यभर लोकांना विम्याचे हप्ते भरायला लावले. पण विम्याच्या कागदावर मरण छापील अक्षरात असतं, तोंडानं उच्चारावं लागत नाही.

दुसरी अडचण लाजेची. पाणी ४२ ला असताना, ऊन पडलेलं असताना, रिक्षात गाद्या घालून विश्रामबागेतल्या मेहुण्याकडे निघायचं म्हणजे गल्लीच्या देखत निघायचं. कठड्यावर बसलेले चार जण विचारणार, "काय, निघाला व्हय? घाबरला?" आणि पाणी नाहीच आलं तर पुढचं वर्षभर त्याची चेष्टा. मी विचारलेल्या प्रत्येकानं हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं: निघालो असतो, पण कुणीच निघत नव्हतं. म्हणजे सगळे एकमेकांकडे बघत थांबले होते.

२०२३ साली सरकारनं मोबाईलवर इशारा देण्याची नवी सोय तपासून पाहिली. फोन अचानक कर्कश ओरडायला लागला, पडद्यावर चाचणीचा संदेश आला. मी तेव्हा भाजी मंडईत होते. सगळ्या मंडईतले फोन जवळजवळ एकदम ओरडले. मला गंमत वाटली ती पुढची. संदेश पुरता न वाचता प्रत्येकजण शेजारच्याकडे वळला: "तुलाबी आला का?" भोपळ्याच्या फोडी करणाऱ्या बाईनं मला विचारलं, मी तिला. आभाळातून थेट खिशात आलेला इशाराही आम्ही आधी शेजाऱ्याकडून तपासून घेतो, मग त्यावर विश्वास ठेवतो. यंत्रणा कितीही भारी आणा, शेवटचे चार फूट इशारा माणसाच्या तोंडूनच जाणार.

या सगळ्यात ज्यांना कुणी काही शिकवायला नको, अशी माणसंही सांगलीत आहेत, पण त्यांना विचारायला आपण जात नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर: आधी पाणी शिरतं ते इथं. बातम्यांत या वस्त्यांची नावं दरवर्षी 'स्थलांतर' या शब्दाबरोबर येतात आणि आपण हळहळून पान उलटतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्यांतल्याच एका वस्तीतल्या. एका जूनमध्ये मी त्यांना विचारलं, तुम्ही नेमकं करता काय? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "चाळीस झालं की आमी शाळंत."

"आणि एकोणचाळीसवरच थांबलं तर?"

"थांबलं तर बरं की."

"आणि चाळीस झालं, तुम्ही गेलात, आणि उतरलं तर?"

"उतरलं तर परत येतो. शाळा काय लंडनला हाय व्हय?"

मग एकदा त्यांच्या घरी जाऊन बघितलं. दोन खोल्या. कॉटखाली काही नाही. पावसाळ्याचे चार महिने कॉटखाली काही ठेवायचंच नाही, असा नियम. कागद सगळे एका रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत: आधार, रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले, बचत गटाचं पासबुक, नवऱ्याच्या ऑपरेशनची फाईल गुंडाळून. बरणीचं झाकण घट्ट, आणि बरणी दाराजवळच्या खुंटीला पिशवीत. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, लोणच्याची जुनी आहे, वास जात नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवायचा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधायचा, कारण अर्धा रिकामा सिलिंडर पाण्यात बुडत नाही, तरंगत दुसऱ्याच्या दारात जातो. मेन स्विच आधी बंद, मग बाकीचं. शेळी बहिणीकडे कुपवाडला, ती चाळीसच्याही आधी, अडतीसला, "कारण शाळंत शेळी घेत न्हाईत." बाहेर पडताना गोळ्या, बॅटरी, शेंगदाणे, गूळ, आणि सासूचा चष्मा. चष्म्याचं नाव त्यांनी मुद्दाम घेतलं. एका वर्षी तो राहिला होता, आणि सासूनं शाळेत सगळ्या बायकांना आपल्या सुना समजून कामं सांगितली होती.

त्या घरात मला जे दिसलं ते म्हणजे तयारी सामानाची नव्हे, निर्णयाची असते. मावशींनी निर्णय ऐन पावसात घ्यायचा ठेवलेलाच नाही. तो कोरड्या दिवसांत घेऊन टाकलाय. पावसात फक्त आकडा बघायचा आणि उठायचं. आमच्या गल्लीत सगळ्यांना आकडा रोज माहीत होता, पण कुणालाच स्वतःचा आकडा नव्हता.

असा स्वतःचा आकडा असणारं आणखी एक घर मला ठाऊक होतं, आणि तिथं तर सगळं गाव डोकं टेकायला जातं. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाची वाडी आहे. पावसाळ्यात नदी देवळात येते. पाणी गाभाऱ्यात शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि त्या पाण्यात स्नान करायला भक्त लांबून येतात. जगात इतरत्र ज्याला घरात पाणी शिरणं म्हणतात त्याचा वाडीला सोहळा आहे. पण सोहळ्याच्या मागे एक रोखठोक व्यवस्था आहे. मुख्य मंदिर पाण्यात गेलं की दत्ताची उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. तिथंही पाणी आलं तर आणखी वर. देव हलला म्हणून पूजा थांबत नाही. कुणी पुजारी म्हणत नाही, 'मागच्या साली एवढं आलं नव्हतं, जरा थांबू या.' कुणी म्हणत नाही, 'देवानं घर सोडलं, लोक काय म्हणतील.'

हे मी गल्लीतल्या एका आजींना सांगितलं. २०१९ ला त्यांनी उंबरठा सोडायला नकार दिला होता आणि शेवटी जवानांनी त्यांना खुर्चीसकट बोटीत ठेवलं होतं. लग्न होऊन आले ती तिरडीवरच जाणार, हे त्यांचं पालुपद. त्या वाडीच्या पौर्णिमेच्या वारकरी. मी म्हटलं, "आजी, महाराज दरवर्षी घर बदलतात. तुमचा मान काय महाराजांपेक्षा मोठा आहे का?" त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण महाराजांना पालखी असते."

त्या दिवसापासून आजींना कोण उचलणार, हा प्रश्न गल्लीचा झाला, आणि तिथूनच खरं काम सुरू झालं.

उपदेशानं काही होत नाही, हे एव्हाना कळलं होतं. 'काय करावे, काय करू नये' अशी सरकारी पत्रकं घरोघर येतात, त्यांत सगळं बरोबर लिहिलेलं असतं, आणि आठ दिवसांत त्यांच्या पुड्या होऊन भडंग घरी येतो. शेजाऱ्याला 'तुम्ही तयारी करा' म्हटलं की तो दुखावतो. त्यात तुम्ही निष्काळजी आहात असं आपण म्हणतो. तेच वाक्य उलटं केलं की दारं उघडतात. मी पलीकडच्या घरात गेले आणि म्हटलं, "माझ्या घराची एक किल्ली तुमच्याकडे राहू दे. मी नसताना पाणी वाढलं तर माझी कागदांची पिशवी तेवढी वर न्या." कुणी नाही म्हणालं नाही. उलट त्यांनी विचारलं, पिशवी कुठे आहे, काय रंगाची, औषधंही त्यातच ठेवता का. दोन दिवसांनी तेच आले: "आमचीपण एक किल्ली ठेवा."

किल्ल्यांमागून याद्या आल्या. कोण एकटं राहतं, कुणाला जिना उतरता येत नाही, कुणाचं डायलिसिस मिरजेला कोणत्या वारी असतं, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे आणि वीज गेल्यावर ते माठाच्या गारव्यात कसं ठेवायचं. कुणाकडे चारचाकी आहे आणि ती चालवणारा पावसाळ्यात गावात असतो का. ही माहिती बायकांना आधीच होती. आमच्या गल्लीत कुणाची साखर किती आहे हे डॉक्टरच्या आधी हळदी-कुंकवाला कळतं. फक्त ती एका कागदावर कुणी लिहिली नव्हती.

कागद ठेवायचा कुठे, यावर गणेश मंडळाचं नाव निघालं. मंडळ म्हणजे काय, तर दोरखंड, ताडपत्री, जनरेटर, भोंगा, वर्गणीच्या पावतीमुळे प्रत्येक घराचं तोंडपाठ असलेलं दार, आणि रात्री दोनला उठवलं तरी कुरकुर न करणारी दहा-बारा पोरं. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा देशात २००५ साली आला. आमच्याकडे हे सगळं सामान त्याच्या किती आधीपासून मांडवात पडून होतं. २०१९ ला याच पोरांनी ट्रकच्या ट्यूबवर फळ्या बांधून दूध पोचवलं होतं. त्यांना शिकवायचं काही नव्हतं. फक्त पाणी चढायच्या आधी बोलवायचं होतं.

बैठक उन्हाळ्यात घेतली, पापड-कुरडयांच्या दिवसांत. याला कारण होतं. चैत्र-वैशाखात आमच्या बायका पावसाळ्याची बेगमी करतात: डाळींना तेलाचा हात लावतात, मसाला कुटून बरण्या भरतात, सांडगे वाळवतात. 'पाऊस येणार, बाजार बंद पडणार, घरात काही हवं' ही भीती त्यात उघड आहे, पण त्याला आजवर कुणी अभद्र म्हटलेलं नाही. वास्तू त्यावरही तथास्तु म्हणतच असणार. मग त्याच यादीत बॅटरीचे सेल, काड्यापेट्या, ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या आणि कागदांची बरणी घातली. बँकेतल्या वहिनींनी सगळ्यात आधी बरणी भरली, आणि आता त्या प्रत्येकीच्या बरणीचं ऑडिट करतात.

आणि आकडे ठरवले. ४३ ला कागद-औषधं पिशवीत, जड सामान माडीवर. ४५ ला आजारी माणसं, म्हातारी माणसं, बाळंतीण असेल तर ती, बाहेर. ४८ ला सगळी गल्ली. आमच्या दाराशी तेव्हा पाणी नसेल, पण बाहेर पडायचे रस्ते आमच्या दारापेक्षा सखल आहेत; पाणी गल्लीत येण्याआधी गल्लीभोवती येतं. हे आकडे भोंग्यावरून पोरं सांगणार. म्हणजे निघताना कुणी घाबरून निघालं असं होत नाही. आकडा झाला म्हणून निघालं असं होतं. लाजेचा प्रश्न तिथेच मिटला. खेड्यांतला प्रश्न याहून अवघड आहे, हे मला माहीत आहे. तिथं माणूस घरासाठी अडत नाही, दावणीसाठी अडतो. म्हशी सोडून निघायचं कसं, या एका प्रश्नापायी माणसं पाणी अंगणात येईतो थांबतात, आणि मग एकाच वेळी सगळ्यांना एकाच बोटीत बसायचं असतं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला जी बोट उलटली, तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बायका होत्या, मुलं होती. त्या गावाबद्दल लांबून शहाणपण सांगायचा मला अधिकार नाही. एवढंच वाटतं की गुरांसाठी चारा-पाण्याची उंचावरची जागा आणि तिथे न्यायचा आकडा ठरलेला असेल, तर माणसांना निघायला पहिल्या दिवशीची, अर्ध्या रिकाम्या बोटीची वेळ मिळते.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ च्या आसपास गेलं. ४३ ला भोंगा वाजला. आजी पालखीतून गेल्या. म्हणजे मंडळाच्या पोरांनी वेताच्या खुर्चीला दोन बांबू बांधले आणि एकानं 'दिगंबरा दिगंबरा' सुरू केलं. आजींनी वाटेत दोनदा खांदेकरी बदलून घेतले. नुकसान झालं नाही असं नाही. भिंती भिजल्या, दारं फुगली, चिखल तोच. पण माडीवर कुणी अडकलं नाही.

या सगळ्यात एकच माणूस शेवटपर्यंत आमच्यात आला नाही: पिठाच्या गिरणीचे तात्या. त्यांचं म्हणणं, "माझ्या आज्यानं ही गिरण घातली. हितं पाणी किती येतंय ते मला सांगायचं न्हाई." २०१९ ला त्यांची मोटर जळली, २०२१ ला पुन्हा जळली. किल्ली मागितली, दिली नाही. बैठकीला बोलावलं, दळण आहे म्हणाले. मंडळाच्या पोरांनी तरीही, त्यांना न विचारता, यादीत तात्यांची मोटर धरली: दोन पोरं, एक चेनपुली, आकडा ४३, आणि ठेवायची जागा वहिनींच्या माडीवर, न्हाणीघराला लागून असलेला कोपरा. यादी देवळाच्या भिंतीवर चिकटवली, जुन्या रेघेच्या बऱ्याच वर. तात्यांनी ती येता-जाता वाचली असणार. या मे महिन्यात ते वहिनींच्या दारात उभे राहिले, पीठ झटकत, चांगलेच तापलेले. "न्हाणीघराजवळ मोटर ठेवायला डोकं फिरलंय का तुमचं? ओल धरंल की! जिन्यावरची जागा द्या मला." वहिनी म्हणाल्या, ती आजींच्या ट्रंकेसाठी राखून ठेवली आहे. तात्या म्हणाले, ट्रंकेला ओल धरली तर काय होतंय. आजींना हे कळलं आहे, आणि जिन्याच्या जागेचं भांडण अजून चालू आहे.